ठिगळकामातील मापे आणि मायेचा हिशेब

बारा इंचांच्या चौरसात बसवलेली एखादी तारकेची नक्षी मनात भरते, परंतु ती घालायची असते बाळाच्या दुपट्यावर, जेथे सहा इंचांहून मोठा चौरस शोभणार नाही. अशा वेळी नक्षीच्या कागदावर दिलेले प्रत्येक माप निम्मे करावे आणि कापड कापावे, हा विचार इतका स्वाभाविक वाटतो की त्यात शंका घेण्यासारखे काही असेल हे मनातही येत नाही. मग कापड कापले जाते, तुकडे शिवणयंत्राखाली जातात, आणि तारकेची टोके शेजारच्या चौकोनांच्या कोपऱ्यांना भिडत नाहीत, ओळी एकमेकींहून आखूड-लांब होतात, चौरस चौरस राहत नाही, असा अनुभव पदरी येतो. हा दोष हाताचा नसतो, यंत्राचाही नसतो. तो हिशेबाचा असतो, आणि तोही बेरीज, वजाबाकी व अपूर्णांकांचा गुणाकार एवढ्यात पुरा होणाऱ्या हिशेबाचा. नक्षी लहानमोठी करण्याचे हे गणित ज्याला एकदा उलगडले, त्याला कोणत्याही छापील नक्षीची ताबेदारी करावी लागत नाही. म्हणून ते येथे सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

तुकडे जोडून रजई शिवण्याची कला अनेक देशांत आहे. पण एकाच मापाचे चौरस स्वतंत्रपणे सिद्ध करून ते नंतर परस्परांना जोडण्याची पद्धती अमेरिकेत विशेष रुजली आणि विस्तारली. या चौरसाला तिकडे ब्लॉक म्हणतात, आणि आपल्याकडे हा छंद जोपासणाऱ्या मंडळींनीही तोच शब्द स्वीकारला आहे. ओहायो स्टार, बेअर्स पॉ, लॉग केबिन, नाइन पॅच अशी या ब्लॉकांची शेकडो नावे आहेत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत अशा नक्ष्या छापल्या, आणि त्या कात्रणांवरून घरोघरी रजया शिवल्या गेल्या. आपल्या गोधडीची रीत निराळी आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, वर तुकडे मांडून, त्यांच्या कडा आत दुमडून धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवत जाणारी आपल्याकडील बाई, किंवा रजईच्या कडेपासून आरंभ करून फेऱ्या घेत घेत मध्याकडे येणारी उत्तर कानडा जिल्ह्यातील सिद्दी समाजाची स्त्री, तुकड्याचे माप जागेवरच ठरवते. तुकडा मोठा झाला तर कड अधिक दुमडते, लहान झाला तर शेजारचा तुकडा त्यावर थोडा सरकवते. ब्लॉकच्या पद्धतीत ही मुभा नाही. तेथे तुकडा आधी कापला जातो, मग शिवला जातो, आणि त्याची जागा पहिल्यापासून मुक्रर असते. म्हणूनच तेथे गणिताचा अंमल चालतो.

त्या गणिताचा पाया एका भेदावर उभा आहे. ब्लॉकमधील प्रत्येक तुकड्याला दोन मापे असतात. शिवण पूर्ण झाल्यावर तुकडा जेवढा दृष्टीस पडतो ते त्याचे निव्वळ माप. आणि शिवणीच्या आत जाणारी माया धरून तो जेवढा कापावा लागतो ते त्याचे कापायचे माप. अमेरिकी रिवाजाप्रमाणे ही माया प्रत्येक कडेला पाव इंच असते. आपले कारागीर इंचाचे आठ सूत धरतात, त्या हिशेबाने दोन सूत. चौकोनाला समोरासमोर दोन कडा असल्यामुळे लांबीत अर्धा इंच आणि रुंदीत अर्धा इंच वाढतो, आणि दोन इंचांच्या निव्वळ चौकोनासाठी अडीच इंचांचा तुकडा कापावा लागतो. आता नक्षी दीडपट केली की निव्वळ माप दीडपट होते, कारण ते नक्षीचे अंग आहे; माया मात्र दीडपट होत नाही, कारण ती शिवणीचे अंग आहे, आणि यंत्राची सुई, दोरा व कापडाचा पोत हे काही नक्षीबरोबर वाढलेले नसतात. सगळ्या चुकांचे मूळ या दोन राशींची सरमिसळ होण्यात आहे, आणि सगळ्या उपायांचे मूळ त्या वेगळ्या काढण्यात. नियम एका वाक्यात सांगता येतो: आधी माया वजा करावी, उरलेल्या निव्वळ मापाला हव्या त्या पटीने गुणावे, आणि सर्वांत शेवटी माया पुन्हा मिळवावी.

तीन ओळींत तीन-तीन सारखे चौकोन अशी रचना असलेला नाइन पॅच हा या नियमाचा सर्वांत सोपा दाखला होय. सहा इंचांच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक चौकोन निव्वळ दोन इंचांचा आणि कापायचा अडीच इंचांचा. हाच ब्लॉक नऊ इंचांचा करायचा म्हणून कोणी अडीचची दीडपट केली, तर उत्तर पावणेचार येते. त्यातून अर्धा इंच शिवणीत गेला की सव्वातीन उरतात, आणि तीन चौकोन मिळून ब्लॉक नऊऐवजी पावणेदहा इंचांचा होतो. नियमाप्रमाणे जावे तर अडीचमधून अर्धा वजा केला, दोन राहिले. दोनाची दीडपट तीन. तिनात अर्धा मिळवला, साडेतीन. आणि ब्लॉक बिनचूक नऊ इंचांचा. उलट दिशेने, सहाचा ब्लॉक तीन इंचांचा करण्यासाठी अडीचचे निम्मे सव्वा इंच कापले, तर शिवणीनंतर पाऊणच इंच उरतो आणि ब्लॉक तीनऐवजी सव्वादोन इंचांवर येऊन थांबतो. मायेसकट गुणाकार केल्याने मोठा करताना ब्लॉक फुगतो आणि लहान करताना आक्रसतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

साच्याची मोठी किंवा लहान झेरॉक्स प्रत काढून काम भागवण्याचा मार्गही पुष्कळांना सुचतो, आणि तो सर्वस्वी त्याज्य नाही. दीडपट प्रतीत दोन सुतांची माया तीन सुतांची होते. शिवणही तीन सुतांवर घातली तर ब्लॉक अपेक्षित मापाचाच येईल. पण हात आणि यंत्राचे फूट दोन सुतांना सरावलेले असतात, आणि तेथे घात होतो. म्हणून प्रत काढायचीच तर साच्यावरील शिवणीच्या रेषेची, म्हणजे निव्वळ आकृतीची काढावी, आणि माया त्याभोवती नंतर स्वहस्ते आखावी.

हा भेद आज समजावून सांगावा लागतो, याला एक ऐतिहासिक कारण आहे. हाताने तुकडे जोडणाऱ्या जुन्या स्त्रिया पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साचा निव्वळ मापाचाच करीत. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढीत. ती रेघ हीच शिवणीची रेघ असे, आणि तिच्याबाहेर नजरेच्या अंदाजाने माया सोडून कात्री चालवीत. इंग्लंडमध्ये कागदी साच्यांवर कापड दुमडून षट्कोनी तुकडे जोडण्याची जी परंपरा आहे, तिच्यातही कागद निव्वळ मापाचा असतो. नक्षी लहान करायची तर कागद लहान कापला की झाले. १९७९ मध्ये जपानमधील ओल्फा या कंपनीने फिरत्या पात्याचा कटर बाजारात आणला, आणि आखीव चटई व पारदर्शक पट्टी यांच्या साहाय्याने साच्यावाचून कापडाचे अनेक थर एकदम कापता येऊ लागले. साहजिकच नक्षीच्या कागदांवर कापायचीच मापे छापण्याचा प्रघात पडला. त्यामुळे वेळ पुष्कळ वाचला, यात संशय नाही. परंतु जे निव्वळ माप पूर्वी साच्याच्या रूपाने हातात असे, ते दृष्टीआड झाले आणि त्याबरोबर त्याची जाणीवही. नक्षी बदलू इच्छिणाऱ्याचे पहिले कर्तव्य हे की कागदावरील मापांतून माया वजा करून ते हरवलेले माप परत मिळवावे.

निव्वळ मापे हाती आली की ब्लॉकची घरे मोजावीत. बहुतेक ब्लॉक एका अदृश्य चौकड्यांच्या जाळ्यावर बसवलेले असतात: नाइन पॅच आणि ओहायो स्टार तीन गुणिले तीन घरांवर, सॉटूथ स्टार चार गुणिले चारांवर, सिस्टर्स चॉइस पाच गुणिले पाचांवर, आणि अस्वलाच्या पंजाची आकृती असलेला बेअर्स पॉ सात गुणिले सातांवर. बारा इंचांना तीन, चार व सहा यांनी निःशेष भाग जातो, म्हणूनच बारा इंचांचा ब्लॉक इतका लोकप्रिय झाला. पण त्याला सातांनी भागले तर १.७१४ असे उत्तर येते, ज्याची खूण कोणत्याही टेपवर किंवा पट्टीवर सापडणार नाही. अशा प्रसंगी ब्लॉकचे माप आधी ठरवून घराकडे येऊ नये. घराचे माप ठरवून ब्लॉककडे जावे. बेअर्स पॉचे घर दीड इंच धरले तर ब्लॉक साडेदहा इंचांचा, पावणेदोन धरले तर सव्वाबारांचा, आणि दोन धरले तर चौदांचा होतो. सिस्टर्स चॉइसचे घर दोन इंच धरले तर दहांचा आणि अडीच धरले तर साडेबारांचा. ज्या पिढ्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी यांचे पाढे घोकले, त्यांना हा हिशेब करण्यास कागदाचीही गरज पडली नसती. आजच्या शिवणाऱ्या हातांनाही त्या पाढ्यांची उजळणी फार उपयोगी पडेल.

एकाच रजईत निरनिराळ्या जाळ्यांचे ब्लॉक घ्यावयाचे असतील, तर सगळ्यांना एका मापावर आणण्याची तजवीज पट्टीने करावी. पाच घरांचा दहा इंची ब्लॉक बारा इंची ब्लॉकांच्या पंक्तीत बसवायचा आहे असे समजा. दोन इंचांची तूट चारही बाजूंना वाटली तर प्रत्येक बाजूला निव्वळ एक इंचाची, म्हणजे दीड इंच रुंद कापलेली पट्टी येते. दोन पट्ट्या साडेदहा इंच लांब आणि त्यांच्यानंतर लावायच्या दोन पट्ट्या साडेबारा इंच लांब कापाव्यात. घरांचा आकार विकृत न करता ब्लॉकची सीमा वाढवण्याचा हा मार्ग सरळ आहे आणि नक्षीला चौकटीची शोभाही देतो. लॉग केबिनसारख्या ब्लॉकमध्ये तर वाढ त्याच्या रचनेतच सामावलेली आहे. मध्ये दोन इंचांचा चौकोन आणि भोवती निव्वळ एक इंचाच्या पट्ट्यांचे पाच फेरे घातले की बारा इंच भरतात. मोठा ब्लॉक हवा असेल तर आणखी एक फेरा घातल्याने तो चौदा इंचांचा होतो, आणि पट्टीची रुंदी कायम राहते.

येथवर सर्व चौकोन होते. नक्षीत त्रिकोण आला की मायेचा हिशेब थोडा गहन होतो. चौकोन एका कर्णावर कापून दोन काटकोन त्रिकोण घेतले, तर त्या चौकोनाची बाजू निव्वळ मापापेक्षा सात सूत अधिक कापावी, असा सर्वमान्य नियम आहे. हा आकडा कोठून आला, ते पाहणे बोधप्रद आहे. त्रिकोणाच्या लहान बाजूच्या दिशेने मोजू लागलो, तर काटकोनाच्या टोकाशी पाव इंच माया मिळते. दुसऱ्या, निमुळत्या टोकाशी मात्र दोन कारणे एकत्र येतात: पायाची कड पाव इंच बाहेर सरकल्यामुळे तिरपी कड तिला तितक्याच अंतरावर पुढे जाऊन भेटते, हा पाव इंच, आणि तिरपी कड स्वतः पाव इंच बाहेर सरकते, पण ते अंतर तिच्याशी काटकोनात मोजलेले असल्याने पायाच्या दिशेने ते पाव इंचाच्या १.४१४ पट, म्हणजे ०.३५४ इंच भरते. तिन्हींची बेरीज ०.८५४ इंच होते. सात सूत म्हणजे ०.८७५. दोहोंतील फरक एका सुताच्या षष्ठांशाएवढा, आणि तो सुदैवाने जास्तीच्या बाजूला आहे, म्हणजे शिवल्यावर छाटून टाकता येतो. चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण घ्यावयाचे असतील, तर हीच रीत लावून १.२०७ इंच येतात, आणि व्यवहारात सव्वा इंच मिळवतात.

दोन प्रकारचे त्रिकोण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर भूमितीत नसून विणीत आहे. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने कापलेली कड ताणली तरी फारशी वाढत नाही. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी कापलेली कड मात्र हाताच्या नुसत्या ओढीनेही लांबते आणि वेडीवाकडी होते. ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला उरेब येऊ नये, हा ठिगळकामातील जुना दंडक आहे. त्रिकोणाची लहान बाजू बाहेर येणार असेल तर चौकोन एकदा कापावा, लांब बाजू बाहेर येणार असेल तर दोनदा. म्हणजे प्रत्येक वेळी उरेब कड आतल्या शिवणीत दडते. सात सूत आणि सव्वा इंच हे आकडे पाव इंच मायेशी बांधलेले आहेत, ब्लॉकच्या आकाराशी नव्हेत. ब्लॉक चार इंचांचा असो वा चोवीस इंचांचा, ते तेच राहतात. माया बदलली तर मात्र तेही बदलतात: पहिल्यासाठी मायेची ३.४१४ पट आणि दुसऱ्यासाठी ४.८२८ पट. विरळ विणीच्या खादीचे सूत निसटते म्हणून कोणी तीन सूत माया सोडील, तर त्याने सात सुतांच्या जागी १.२८ इंच धरावे, आणि टेपवर ते अकरा सूत मोजून, जास्तीचे मागाहून छाटावे.

आता आरंभीच्या तारकेकडे वळू. ओहायो स्टारमध्ये नऊ घरे असतात: चार कोपरे आणि एक मध्य असे पाच पूर्ण चौकोन, आणि उरलेल्या चार घरांत प्रत्येकी चार, असे एकंदर सोळा त्रिकोण, ज्यांच्या लांब बाजू घरांच्या कडांवर येतात. बारा इंचांच्या ब्लॉकचे घर चार इंचांचे. म्हणून चौकोन साडेचार इंचांचे कापावेत, आणि त्रिकोणांसाठी सव्वापाच इंचांचे चार चौकोन, दोन तारकेच्या रंगाचे व दोन पार्श्वभूमीचे, दोन्ही कर्णांवर कापावेत. नऊ इंचांच्या ब्लॉकसाठी हेच आकडे साडेतीन आणि सव्वाचार होतात. सहा इंचांच्या ब्लॉकसाठी अडीच आणि सव्वातीन. बारांच्या ब्लॉकची मापे सरळ निम्मी केली असती तर काय झाले असते? चौकोन सव्वादोनांचे कापले गेले असते आणि शिवणीनंतर पावणेदोन इंच उरले असते. त्रिकोणांचे चौकोन अडीच इंच एक सूत झाले असते, आणि त्यातून सव्वा इंच गेल्यावर त्रिकोणांचे घर एक इंच तीन सुतांवर आले असते. वरची ओळ पाच इंचांना एक सूत कमी, मधली ओळ साडेचार इंच! ब्लॉक नुसता लहान झाला असता तर तो लहान म्हणून खपला असता. पण चौकोनाची आणि त्रिकोणाची माया निरनिराळी असल्यामुळे चूकही निरनिराळ्या प्रमाणात होते, आणि तुकडे परस्परांशी जुळतच नाहीत.

ब्लॉक सरळ न मांडता कोपऱ्यावर उभे करून जोडले, की रजईला निराळाच डौल येतो, आणि गणिताला कर्णाची गाठ पडते. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या १.४१४ पट असतो, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. पण या प्रश्नाचा आपल्या देशातील विचार फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी कित्येक शतके रचलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञाच्या चिती दोरीने आखण्याचे आणि विटांनी भरण्याचे नियम आहेत, आणि त्यांतील एक प्रमुख प्रश्न आपल्या प्रश्नाचाच सहोदर आहे: पक्ष्याच्या आकाराची चिती साडेसात वर्ग पुरुष (पुरुष हे लांबीचे एक माप) क्षेत्राची केल्यावर पुढच्या खेपेस ती साडेआठ वर्ग पुरुषांची करायची, पण आकृतीचे प्रमाण तिळमात्र ढळू द्यायचे नाही. कर्ण काढण्याची त्या ग्रंथातील रीत अशी की बाजूत तिचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा, आणि त्या शेवटच्या राशीचा चौतिसावा भाग वजा करावा. बारा इंचांच्या ब्लॉकला ही रीत लावून पाहा: बारात चार मिळवले, सोळा, एक मिळवला, सतरा, आणि एकाचा चौतिसावा भाग वजा केला, १६.९७. आधुनिक गणकयंत्रही दोन दशांश स्थळांपर्यंत हेच उत्तर देते. शेवटची वजाबाकी सोडून दिली तरी सतरा इंच आणि खरा कर्ण यांत पाव सुताचाही फरक पडत नाही. बाजूत तिचा तृतीयांश आणि त्याचा चतुर्थांश मिळवण्याची ही रीत तोंडी करता येते, आणि शिवणकामाला पुरेशी अचूक आहे.

कोपऱ्यावर उभ्या केलेल्या ब्लॉकांच्या कडेला ज्या त्रिकोणी जागा राहतात, त्या भरण्यासाठीही तोच नियम चालतो. बाजूच्या त्रिकोणांची लांब बाजू रजईच्या कडेला येते. म्हणून कर्णात सव्वा इंच मिळवून, बारा इंची ब्लॉकसाठी सव्वाअठरा इंचांचा चौकोन घ्यावा आणि त्याचे चार भाग करावेत. रजईच्या चार कोपऱ्यांतील त्रिकोणांच्या लहान बाजू बाहेर येतात. म्हणून कर्णाच्या निम्म्यात सात सूत मिळवून, नऊ इंच तीन सुतांचा चौकोन घ्यावा आणि त्याचे दोन भाग करावेत. ब्लॉक सहा इंचांचा असेल तर हीच मापे अनुक्रमे पावणेदहा इंच आणि पाच इंच एक सूत अशी होतात.

माप बदलताना कापडाची बेगमी करणे हे आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यात पुष्कळांची फसगत होते. बाजू दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते, हे तत्त्व बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच्या जोडीला मायेचा खर्चही जमेस धरावा लागतो, आणि तो तुकडा लहान होत जाईल तसतसा वाढत जातो. निव्वळ चार इंचांच्या चौकोनासाठी साडेचार इंचांचा तुकडा कापला, तर त्यातील सुमारे २१ टक्के कापड शिवणीत जाते. दोन इंचांच्या चौकोनात ३६ टक्के. आणि एक इंचाच्या चौकोनात तर ५५ टक्क्यांहून अधिक. चार फूट लांब व चार फूट रुंद रजईचा दर्शनी भाग २,३०४ चौरस इंच भरतो. तो चार इंची चौकोनांनी भरला तर २,९१६ चौरस इंच कापड लागते, दोन इंची चौकोनांनी ३,६००, आणि एक इंची चौकोनांनी ५,१८४. रजई तीच, तिची लांबीरुंदी तीच. पण नक्षी बारीक करण्याची किंमत कापडाच्या रूपाने मोजावी लागते. जुन्या कपड्यांचा साठा मर्यादित असेल, तर हा हिशेब नक्षी निवडण्यापूर्वी केला पाहिजे.

ब्लॉकवरून संपूर्ण रजईकडे जाताना मधल्या पट्ट्यांची गणना नीट करावी. तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब पलंगावर दोन्ही बाजूंनी व पायथ्याशी एकेक फूट लोंबेल अशी रजई हवी असेल, तर ती साठ इंच रुंद व चौऱ्याऐंशी इंच लांब झाली पाहिजे. बारा इंचांचे ब्लॉक नुसते जोडले तर पाच स्तंभ आणि सात ओळी, असे पस्तीस ब्लॉक तंतोतंत बसतात. पण ब्लॉक नऊ इंचांचे असतील आणि त्यांच्यामध्ये व भोवती पट्ट्या घालायच्या असतील, तर कुंपणाचे खांब जसे मधल्या फटींपेक्षा एकाने अधिक असतात, तशा पट्ट्या ब्लॉकांपेक्षा एकाने अधिक धराव्या लागतात: रुंदीत पाच ब्लॉक व सहा पट्ट्या, लांबीत सात ब्लॉक व आठ पट्ट्या. पट्टी निव्वळ दोन इंचांची धरली तर रजई सत्तावन्न गुणिले एकोणऐंशी इंच होते, म्हणजे अपुरी; अडीच इंचांची धरली तर साठ गुणिले त्र्याऐंशी, म्हणजे रुंदी बरोबर आणि लांबीत अवघ्या इंचाची कसर. ब्लॉकला हात न लावता केवळ पट्टीत अर्धा इंच वाढवून काम साधते. म्हणून मोठ्या मापाची अडचण आली की ब्लॉक बदलण्याआधी पट्टी आणि किनार यांचा विचार करावा. तेथे फेरफार करणे सर्वांत स्वस्त पडते.

एवढा हिशेब बिनचूक केल्यावरही शिवणीत शिस्त नसेल तर तो फुकट जातो. आठ गुणिले आठ अशा चौसष्ट चौकोनांच्या ब्लॉकमध्ये एका ओळीत सात शिवणी येतात. शिवण प्रत्येक वेळी अर्ध्या सुताने जास्त घेतली गेली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून एक सूत कापड कमी होते, आणि सात शिवणींत ब्लॉक सात सुतांनी आखूड होतो. शिवण उलगडून इस्त्री करताना घडीच्या जाडीतही कापडाचे एकदोन धागे जातात. म्हणून अनुभवी हात शिवण पाव इंचाला किंचित कमी घालतात. नक्षी लहान करताना घरांची संख्या तीच राहते आणि शिवणीही तितक्याच राहतात, पण ती चूक सामावून घेणारा ब्लॉक लहान झालेला असतो. त्यामुळे लहान ब्लॉकला मोठ्याहून अधिक काटेकोरपणा लागतो.

येथे मूळ तत्त्वाचा विस्तार ध्यानात घेण्यासारखा आहे. नक्षीबरोबर वाढत नाही अशी माया ही एकच गोष्ट नाही. कापडावरील छापील फुले नक्षी लहान केली म्हणून लहान होत नाहीत. चार इंचांच्या घरात पूर्ण दिसणारे फूल दोन इंचांच्या घरात अर्धे कापले जाते आणि केवळ एक रंगाचा डाग उरतो. कापडाची जाडी तीच राहते. म्हणून जेथे आठ त्रिकोणांची टोके एका बिंदूत मिळतात, तेथे लहान ब्लॉकमध्ये गाठ अधिक उठून दिसते. धावदोऱ्याच्या टाक्याची लांबीही तीच राहते. म्हणून मोठ्या केलेल्या ब्लॉकच्या विस्तीर्ण, रिकाम्या घरांत आतला कापूस सरकू नये यासाठी टाक्यांच्या जास्त ओळी घालाव्या लागतात. माप बदलणारा कारागीर प्रत्येक घटकाविषयी एकच प्रश्न विचारतो: हा नक्षीचा आहे की कापडाचा? नक्षीचा असेल तर त्याला पटीने गुणावे. कापडाचा असेल तर आहे तसाच ठेवून त्याच्याभोवती नक्षीची व्यवस्था लावावी.

व्यवहारात हे सारे साधण्याचा उत्तम उपाय म्हणजे आलेखाच्या कागदावर ब्लॉकची घरे काढून, शेजारी तीन रकाने आखून जमाखर्च मांडणे: पहिल्यात प्रत्येक तुकड्याचे निव्वळ माप, दुसऱ्यात नव्या ब्लॉकमधील निव्वळ माप, आणि तिसऱ्यात माया मिळवून आलेले कापायचे माप. दुसऱ्या रकान्यातील आकड्यांची ओळीने बेरीज करावी. ती ब्लॉकच्या निव्वळ मापाशी जुळली तर हिशेबाचा ताळा बसला. मग चांगल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी चिंध्यांचा एक नमुना शिवून मोजावा. सहा इंचांचा ब्लॉक स्वतंत्रपणे मोजताना साडेसहा इंच भरला पाहिजे, कारण त्याच्या चारही कडांची माया अजून शिवणीत गेलेली नसते. हा अभ्यास ज्या स्त्रीने वा पुरुषाने एकदा मनापासून केला, त्याला नक्षीच्या कागदावरील मापे ही कोण्या एका कारागिराने आपल्या एका पलंगासाठी घेतलेले निर्णय म्हणून वाचता येतात. आणि मग एकच तारका, बाळाच्या दुपट्यापासून मोठ्या पलंगपोसापर्यंत, कोणत्याही मापात त्याच्या हातून टोकाला टोक भिडवून उतरते.